मुक्कामांचा हिशेब : अतिउंच प्रदेशाच्या प्रवासाची पूर्वतयारी

प्रस्तावना

समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार मीटरच्या वर गेल्यावर विरळ हवेमुळे निरोगी माणसाच्या शरीरातही बदल घडू लागतात, आणि म्हणून वैद्यकशास्त्र साधारणपणे तेथून पुढच्या भूभागाकडे काळजीने पाहते. साडेतीन हजार मीटरच्या वरच्या भूभागाला अतिउंच प्रदेश असे म्हटले जाते. यांपैकी अडीच हजार मीटरची मर्यादा समोर ठेवली, तरी अख्ख्या महाराष्ट्रात काळजी करण्याजोग्या उंचीची वीतभर जमीनही सापडत नाही, कारण राज्यातील सर्वोच्च शिखर असलेले कळसूबाईच मुळी १६४६ मीटरवर संपते. धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील अणदूर हे गाव, सोलापूर–हैदराबाद महामार्गावर नळदुर्गच्या पुढे, बालाघाटाच्या पठारी मुलखात वसलेले असले, तरी त्याची उंची साडेपाचशे-सहाशे मीटरच्या आसपासच आहे. या गावातील माणसाला उन्हाची सवय असते, पाण्याच्या टंचाईची असते, दिवसभर रानात राबण्याचीही असते. विरळ हवा मात्र त्याच्याच काय, त्याच्या आजा-पणजाच्याही अनुभवात कधी आलेली नसते. असा माणूस सोलापूरला रेल्वेत बसतो, दुसऱ्या दिवशी दिल्लीला उतरतो, तेथून विमानाने निघून सव्वा तासाच्या आसपास लेहच्या विमानतळावर, म्हणजे सव्वातीन हजार मीटरच्या उंचीवर, पाऊल ठेवतो, आणि त्याच्या शरीराला जो बदल पचवण्यासाठी आठवडा हवा असतो तो सव्वा तासात त्याच्यावर येऊन कोसळतो.

प्रस्तुत पुस्तकाचा विषय हा कोसळणारा बदल आणि त्यासाठी घरी असतानाच करावयाची तयारी हा आहे. लडाख हे त्यातले मुख्य उदाहरण म्हणून घेतले आहे, कारण मराठी प्रवाशांचा ओढा तिकडे वर्षानुवर्षे वाढत आला आहे, आणि २६ डिसेंबर २०२४ रोजी पँगाँग सरोवराच्या काठी, १४,३०० फुटांवर, छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाल्यापासून त्या ओढ्याला भक्तिभावाची जोड मिळाली आहे. केदारनाथ (सुमारे ३,५८० मीटर) आणि अमरनाथची गुहा (सुमारे ३,८९० मीटर) ही मराठवाड्यातील भाविकांची आणखी दोन ठिकाणे. तेथे जाणारा माणूस स्वतःला प्रवासी न मानता यात्रेकरू मानत असला, तरी त्याच्या फुप्फुसांना हा भेद कळत नाही, आणि पुढील विवेचन त्यालाही तितकेच लागू पडते.

या विवेचनाचा सगळा भार ज्या एका गोष्टीवर आहे ती प्रारंभीच सांगितलेली बरी. सपाटीवरचा प्रवास मजलांनी मोजला जातो : आज किती किलोमीटर झाले, उद्या किती उरले. उंचीवरचा प्रवास मुक्कामांनी मोजावा लागतो : आजची रात्र किती उंचीवर काढायची, आणि कालच्या रात्रीपेक्षा ती किती वर आहे. मराठी माणसाला हा हिशेब परका नाही. पंढरीची वारी पालखीच्या ठरलेल्या मुक्कामांवर चालते आणि कोणताही वारकरी दोन मुक्काम एका दिवसात उरकून आधी पोचण्याची घाई करीत नाही. खुद्द अणदूरचा खंडोबा वर्षातील बराच मोठा काळ अणदूरला आणि सुमारे दोन महिने नळदुर्गला मुक्काम करतो; मूर्ती एकच, गावे दोन, आणि त्या मुक्कामांची मुदत दोन्ही गावांनी आपसात ठरवून घेतलेली असते. मुक्कामाला असे मोल देणारी ही परंपरा उंचीवरच्या प्रवासात नेमकी विसरली जाते, आणि सुट्टीच्या आठ दिवसांत नऊ ठिकाणे बसवण्याचा आटापिटा सुरू होतो.

उंचीवर प्राणवायू कमी असतो असे सर्रास म्हटले जाते, परंतु हे विधान थोडे उलगडून पाहिल्याशिवाय पुढचे काहीच नीट समजत नाही. हवेतील प्राणवायूचे प्रमाण अणदूरला जेवढे, म्हणजे सुमारे २१ टक्के, तेवढेच ते खार्दुंग ला या खिंडीतही असते. (लडाखी आणि तिबेटी भाषेत ‘ला’ म्हणजे खिंड.) बदलतो तो हवेचा दाब. कडब्याची गंज रचली की तळातल्या पेंढ्या वरच्या ओझ्याने दबून घट्ट बसतात आणि माथ्याकडच्या पेंढ्या सैल, फुगीर राहतात. हवेच्या थरांचेही तसेच आहे. समुद्रकाठची हवा वरच्या सगळ्या हवेच्या ओझ्याखाली दाटलेली असते, तर लेहच्या साडेतीन हजार मीटरवर तिचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ दोन-तृतीयांश आणि खार्दुंग लाच्या ५,३५९ मीटरवर निम्म्याहून किंचित अधिक इतकाच उरतो. छाती तेवढीच फुगते, श्वास तेवढाच खोल जातो, पण प्रत्येक श्वासातून हाती लागणारा प्राणवायू त्या प्रमाणात घटलेला असतो. मोटारसायकलच्या इंजिनालाही हाच नियम लागू असल्याने लडाखच्या घाटात गाडी दमल्यासारखी चालते, हे तेथे गेलेल्या प्रत्येक चालकाने अनुभवलेले असते.

या तुटवड्याला शरीर जे उत्तर देते, त्याला पर्यनुकूलन, म्हणजे नव्या उंचीशी हळूहळू जुळवून घेणे, असे म्हणतात. पहिल्या काही तासांतच श्वास खोल आणि जलद होतो, नाडीचे ठोके वाढतात. श्वास वाढल्याने रक्तातील कर्बवायू अधिक बाहेर टाकला जातो, रक्त किंचित क्षारधर्मी बनते, आणि मेंदूतील श्वसनकेंद्र ‘एवढा श्वास पुरे’ असा उलटा संकेत देऊ लागते. हा अडसर दूर करण्यासाठी मूत्रपिंडे जादा क्षार लघवीवाटे बाहेर टाकतात, आणि या कामाला त्यांना काही दिवस लागतात. रक्तातील तांबड्या पेशी वाढण्याची प्रक्रिया तर कित्येक आठवडे चालते. झोपेत श्वासावरचे हे दोन परस्परविरोधी संकेत विशेष जाणवतात : माणूस काही श्वास खोल घेतो, मग काही सेकंद श्वास थांबतो, आणि दचकून जाग येते. लेहमधील पहिल्या रात्री हा अनुभव आल्यास घाबरण्याचे कारण नसते. मात्र रात्र हीच शरीराची खरी परीक्षा का असते, आणि दिवसा किती उंच गेलो यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलो याला अधिक महत्त्व का, हे त्यावरून कळते. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर पुन्हा काढावी, हा जगभरच्या गिर्यारोहकांनी आणि डॉक्टरांनी मान्य केलेला नियम यातूनच आला आहे.

या शास्त्राच्या घडणीत भारतीय सैन्याच्या अनुभवाचा मोठा वाटा आहे, आणि तो वाटा दुःखातून आलेला आहे. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात सपाटीवरील छावण्यांतून जवानांना घाईघाईने हिमालयाच्या उंच सीमांवर न्यावे लागले, आणि शत्रूची गोळी न लागताही कित्येक जण आजारी पडले, काही दगावले. या जवानांवर उपचार करणाऱ्या सैन्यातील डॉक्टरांनी आपली निरीक्षणे पुढे प्रसिद्ध केली. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९६९ सालचा, १,९२५ जवानांच्या आजारांवर आधारलेला शोधनिबंध आजही जगभर या विषयाचा एक आधारस्तंभ मानला जातो. सैन्याने आखलेली तीन टप्प्यांची शिस्त त्याच अनुभवातून उतरली आहे : ९,००० ते १२,००० फुटांच्या पट्ट्यात सहा दिवस, १२,००० ते १५,००० फुटांच्या पट्ट्यात आणखी चार दिवस, आणि त्याहून वर जायचे तर पुन्हा चार दिवस. यातही पहिले दोन दिवस जवानाने केवळ विश्रांती घ्यायची असते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी थोडे सावकाश चालायचे असते. निवडून घेतलेल्या, रोज कवायत करणाऱ्या विशीतल्या जवानाला जी विश्रांती सक्तीची आहे, ती पन्नाशीतल्या शिक्षकाने किंवा शेतकऱ्याने ‘आपल्याला काय होतंय’ म्हणून टाळावी, हे कोणत्याच तर्काला धरून नाही.

येथे एका गैरसमजाचा विचार थोडा सविस्तर करणे भाग आहे, कारण अणदूरसारख्या गावात तो अगदी सद्भावनेने जोपासला जातो. तुळजाभवानीच्या दर्शनाला आश्विनी पौर्णिमेच्या सुमारास सोलापूरहून आणि दूरदूरहून पायी जाणाऱ्यांची संख्या फार मोठी असते. तालमीत कसलेली मुले गावोगावी असतात. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईच्या अंगी असलेली चिकाटी शहरातल्या व्यायामशाळेत मिळत नाही. अशा माणसांना वाटते की दम असलेल्याला उंचीचा त्रास होत नाही. पायातली ताकद आणि हृदयाची क्षमता यांचा चढ चढताना उपयोग होतोच, परंतु उंचीचा आजार होणे वा न होणे हे त्यावर ठरत नाही. ते ठरते चढण्याच्या वेगावर आणि प्रत्येकाच्या जन्मजात शरीरधर्मावर, आणि हा शरीरधर्म कसा आहे ते सपाटीवरील कोणत्याही तपासणीत खात्रीने कळत नाही. उलट धडधाकट तरुणच अनेकदा अधिक धोक्यात येतो, कारण दम लागत नसल्यामुळे तो पहिल्याच संध्याकाळी लेहच्या शांती स्तूपाच्या पायऱ्या धावत चढतो, आणि डोके दुखू लागल्यावर बरोबरच्यांना सांगण्याची त्याला लाज वाटते. कसलेल्या गिर्यारोहकांनाही ही सावकाशी चुकत नाही. १९९८ साली हृषीकेश यादव यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेतून सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले, २०१२ साली पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेच्या आठ गिर्यारोहकांनी तेच शिखर गाठले. अशा मोहिमांत महिना-दीड महिना तळछावणी आणि वरच्या छावण्यांच्या दरम्यान वर-खाली करीत काढावा लागतो, आणि मराठी गिर्यारोहणाचा हा भाग शिखरावरच्या छायाचित्रात दिसत नसल्याने तो फारसा कोणाच्या ध्यानात राहत नाही.

उंचीवरील आजाराचे तीन प्रकार मानले जातात. पहिला आणि सर्वांत अधिक आढळणारा म्हणजे तीव्र पर्वतीय आजार : उंचीवर पोचल्यावर साधारण सहा ते बारा तासांत डोके दुखू लागणे, आणि त्याच्या जोडीला मळमळ, अन्नावरची वासना जाणे, गळून गेल्यासारखे वाटणे, गरगरणे. हा आजार बहुतेक वेळा त्याच उंचीवर थांबून विश्रांती घेतल्यास दोन दिवसांत ओसरतो. त्याकडे दुर्लक्ष करून वर जात राहिल्यास मेंदूला सूज येऊ शकते, हा दुसरा प्रकार. माणूस असंबद्ध बोलू लागतो, त्याचा तोल जातो, तो सुस्त होतो आणि झोपेतून जागा होईनासा होतो. तिसरा प्रकार म्हणजे फुप्फुसांत पाणी साचणे. हा डोकेदुखीशिवायही होऊ शकतो, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्री उद्भवतो, आणि त्याची सुरुवात फसवी असते : कोरडा खोकला, चालण्यात आदल्या दिवसापेक्षा अधिक धाप, आणि मग स्वस्थ बसलेले असतानाही धाप. मराठी घरात खोकला म्हटले की गार पाणी, बदललेली हवा, प्रवासाची दगदग ही कारणे आधी सुचतात, आणि हळद-दुधावर रात्र काढण्याचा विचार होतो. उंचीवर अशी रात्र काढणे प्राणघातक ठरू शकते. बसल्या जागी लागणारी धाप आणि सरळ रेषेत, टाचेला अंगठा लावून चालता न येणे, ही दोन लक्षणे ज्याला ओळखता येतात, त्याने या विषयातील सर्वांत उपयोगाचे ज्ञान मिळवले असे समजावे.

शेवटच्या दोन्ही प्रकारांवर प्राणवायू आणि औषधे यांचा उपयोग होतो, पण ते उपाय वेळ मिळवून देण्यापुरते. खरा उपाय खाली उतरणे हाच, आणि तो रात्रीचे दोन वाजले असले तरी. येथे लडाखच्या भूगोलाचा एक कठोर विशेष लक्षात घ्यावा लागतो. मनालीहून लेहला जाणाऱ्या वाटेवर सर्चू येथे, ४,२९० मीटरवर, तंबूंत मुक्काम करण्याची प्रथा आहे. आदल्या रात्री जिस्पाला ३,२०० मीटरवर झोपलेला माणूस तेथे एका दिवसात हजार मीटरहून अधिक वर आलेला असतो. रात्री त्याची प्रकृती बिघडली तर मागे वळताना ४,८९० मीटरची बारालाचा ला ओलांडावी लागते, आणि पुढे जावे तर त्याहूनही उंच खिंडी आहेत. पँगाँगहून लेहला परतणाऱ्याच्या वाटेत चांग ला, नुब्रा खोऱ्यातून परतणाऱ्याच्या वाटेत खार्दुंग ला, आणि दोन्ही पाच हजार मीटरच्या वरच्या. म्हणजे सह्याद्रीत जसे गड उतरला की सुटका, तसे येथे नाही. खाली जाण्यासाठी आधी वर चढावे लागते. मुक्कामाची जागा निवडताना तेथे पोचायचे कसे याबरोबरच तेथून उतरायचे कसे, हा प्रश्नही विचारावा लागतो.

औषधांविषयी थोडक्यात. ॲसिटाझोलामाइड, म्हणजे सर्वत्र डायमॉक्स या नावाने ओळखली जाणारी गोळी, मूत्रपिंडांचे वर सांगितलेले काम लवकर सुरू करून देते आणि त्यामुळे शरीराच्या जुळवून घेण्याला खराखुरा हातभार लावते. प्रतिबंधासाठी प्रौढांना बहुधा १२५ मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून दिली जाते. तिच्यामुळे लघवीला वारंवार होते आणि बोटांना मुंग्या येतात. सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. किंबहुना विचारल्याशिवाय ती कोणीच घेऊ नये. दारू आणि झोपेच्या गोळ्या श्वास मंद करतात, म्हणून पहिल्या काही रात्री त्या सर्वस्वी वर्ज्य. राहिला कापूर. मराठी यात्रेकरूंमध्ये कापराची पुरचुंडी हुंगत राहण्याची चाल इतकी रूढ झाली आहे की तिची दखल घेतल्यावाचून गत्यंतर नाही : कापराच्या थंड वासाने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, परंतु त्यामुळे रक्तातील प्राणवायू वाढत नाही, आणि तो पोटात गेल्यास, विशेषतः लहान मुलांना, झटके येऊ शकतात. बाजारात मिळणारे प्राणवायूचे लहान डबेही काही मिनिटांतच रिते होतात. गाडीत ठेवायचा तर नियंत्रक आणि मुखवटा असलेला खरा सिलिंडरच ठेवावा. करोनाच्या साथीनंतर घरोघरी आलेले बोटाला लावायचे प्राणवायुमापक यंत्र बरोबर असण्यास हरकत नाही, मात्र घरी ९८ दाखवणारे यंत्र लेहमध्ये ८८ दाखवू लागले की अनेक जण त्या आकड्यानेच खचतात. त्या उंचीवर असा आकडा अपेक्षित आहे, आणि निर्णय यंत्रावरून न घेता लक्षणांवरून घ्यायचा असतो.

कोणी जाण्यापूर्वी डॉक्टरांचा विशेष सल्ला घ्यावा, याची यादी अवघड नाही : हृदयविकार, नुकतीच झालेली अँजिओप्लास्टी, आटोक्यात नसलेला रक्तदाब, दमा व फुप्फुसांचे जुनाट विकार, गर्भारपण. मराठवाड्यापुरती तिच्यात एक भर घालणे आवश्यक वाटते, आणि ती म्हणजे रक्तक्षय. प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिनच कमी असेल, तर विरळ हवेत त्या शरीरावर दुहेरी तूट ओढवते, आणि आपल्या भागातील कित्येक स्त्रिया हा अशक्तपणा ‘अंगवळणी पडलेला’ म्हणून वर्षानुवर्षे सोशीत राहतात. प्रवासाला दोन-तीन महिने असताना केलेली रक्ताची साधी तपासणी आणि त्यानंतरचा लोहाच्या गोळ्यांचा उपचार, एवढ्याने एखाद्या बाईचा सगळा प्रवास पालटू शकतो. मधुमेही व्यक्तींनी इन्शुलिन गोठू नये म्हणून ते अंगाशी बाळगावे आणि साखर मोजणारे यंत्र थंडीत व उंचीवर चुकू शकते हे ध्यानात ठेवावे.

वेळापत्रकाकडे वळल्यास, विमानाने लेहला जाणाऱ्याने पहिल्या तीन रात्री लेहमध्येच काढाव्यात आणि पहिले दोन दिवस खरोखरीची विश्रांती घ्यावी. त्यानंतर नुब्रा खोऱ्यात जाणे हिताचे, कारण वाटेतील खार्दुंग ला कितीही उंच असली तरी दिस्कितचा मुक्काम सुमारे ३,१०० मीटरवर, म्हणजे लेहपेक्षाही खाली असतो. खिंडीत मात्र छायाचित्रांसाठी पंधरा-वीस मिनिटांपेक्षा अधिक रेंगाळू नये. (या खिंडीतील फलकावर वर्षानुवर्षे १८,३८० फूट असा आकडा झळकत राहिला; आधुनिक मोजणीप्रमाणे ती सुमारे १७,६०० फूट आहे. तयारी करणाऱ्याने उंचीचे आकडे जाहिरातीवरून न घेता नकाशावरून घ्यावेत.) पँगाँगच्या काठी, सुमारे ४,३५० मीटरवर, रात्र काढण्याचा मोह सर्वांनाच होतो, तो पुरवायचाच असेल तर प्रवासाच्या शेवटी आणि आदली रात्र तांगत्सेसारख्या मधल्या उंचीच्या गावात काढून पुरवावा. सवड असेल त्याने श्रीनगर, कारगिल या वाटेने जावे. श्रीनगर सुमारे १,६००, कारगिल सुमारे २,७०० आणि लेह ३,५०० मीटर, अशी ही पायरी-पायरीची वाट शरीराला सर्वांत मानवते.

ही सवड केव्हा काढायची, हा नोकरदारापेक्षा शेतकऱ्याला अधिक अडचणीचा प्रश्न. लडाखचा हंगाम जून ते सप्टेंबर. जूनमध्ये पेरणीची धांदल, जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचलच्या रस्त्यांवर दरडी. त्यामुळे मूग-उडीद काढून झाल्यावर आणि सोयाबीन काढणीला येण्याआधी मिळणारा सप्टेंबरचा पंधरवडा अणदूरच्या शेतकऱ्याला सर्वांत सोयीचा, आणि योगायोगाने लडाखचे आकाशही त्या सुमारास निवळलेले असते. थंडी तोवर वाढू लागते, हे त्याचे मोल.

अन्नाच्या बाबतीत आपल्या भागाला एक देणगी लाभली आहे. उंचीवर भूक मंदावते, तेलकट-तुपकट पदार्थ नकोसे होतात, आणि पिष्टमय अन्नातून ऊर्जा काढण्यास शरीराला तुलनेने कमी प्राणवायू लागतो. कडक करून वाळवलेली ज्वारीची भाकरी, तिच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी, थोडा गूळ : महिनाभर टिकणारी, वजनाला हलकी, भूक नसतानाही तोंडाला ओळखीची वाटणारी अशी शिदोरी दुसरी शोधून सापडणार नाही. लेहच्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे उघड्या भांड्यात डाळ शिजता शिजत नाही. स्वतः रांधणाऱ्यांनी प्रेशर कुकर बरोबर घ्यावा. पाणी मात्र तहानेची वाट न पाहता प्यावे. मे महिन्याच्या उन्हात घशाला पडणारी कोरड अणदूरकराला ओळखता येते, पण थंड, कोरड्या हवेत श्वासावाटे पाणी जात असते आणि तहान लागतच नाही. लघवीचा रंग फिकट राहील इतके पाणी पुरे. त्याहून अधिक ढोसल्याने आजार टळत नाही.

कपड्यांचा नियम एकच : एक जाड कपडा नको, पातळ कपड्यांचे अनेक थर हवेत, म्हणजे दुपारच्या प्रखर उन्हात काढता येतात आणि सावलीत शिरताच चढवता येतात. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि मग अंगाला गारठवतो, म्हणून अंगालगतचा थर लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा असावा. सोलापुरी चादरीचे स्थान अंथरुणात. दर हजार मीटरला अतिनील किरणांची तीव्रता सुमारे दहा टक्क्यांनी वाढत असल्याने, उन्हात रापलेल्या कातडीलाही काळा चष्मा आणि ओठांसाठी मलम लागतेच.

कागदपत्रांबद्दल विस्ताराने लिहिण्यात अर्थ नाही, कारण नियम बदलत असतात. ओळखपत्राच्या छापील प्रती जवळ ठेवाव्यात, सीमेलगतच्या भागांसाठी लागणारे शुल्क आणि परवाने निघण्यापूर्वी लेह जिल्हा प्रशासनाकडून पडताळून घ्यावेत, आणि बाहेरच्या राज्यातील प्रीपेड सिमकार्ड लडाखमध्ये चालत नसल्याने गटात निदान दोघांकडे पोस्टपेड जोडणी असावी.

लडाखकडे जाणाऱ्या मराठवाड्यातील माणसाला तेथली एक गोष्ट इतरांपेक्षा अधिक समजली पाहिजे. लेहला वर्षभरात सुमारे १०० मिलिमीटरच पाऊस आणि हिम पडते. आपण ज्याला दुष्काळ म्हणतो तो तेथे नित्याचा आहे, आणि शेती हिमनद्यांच्या वितळत्या पाण्यावर चालते. लडाखमधील अभियंते सोनम वांगचुक यांनी हिवाळ्यातील वाया जाणारे पाणी बर्फाच्या सुळक्यांच्या रूपाने साठवण्याचा प्रयोग केला तो याच टंचाईतून. टँकरची वाट पाहिलेल्या गावातून गेलेल्या प्रवाशाने लेहच्या अतिथिगृहात नळ सोडून ठेवू नये, हे सांगावे लागू नये अशी अपेक्षा आहे. त्याच कोरड्या मुलखात ५ आणि ६ ऑगस्ट २०१० च्या मधल्या रात्री ढगफुटी झाली आणि चिखलाच्या लोंढ्यांनी शेकडो बळी घेतले. जून २०१३ च्या महापुरात केदारनाथला जे घडले ते महाराष्ट्रातील अनेक घरे विसरलेली नाहीत. म्हणून परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवावेत, ओढ्याच्या पात्रालगत तंबू टाकू नये, आणि हिम वितळून दुपारनंतर ओढे फुगत असल्याने ते सकाळीच ओलांडावेत.

उरते ती माणसांची तयारी. अणदूरमध्ये हॅलो मेडिकल फाउंडेशन या संस्थेने खेड्यांतील साध्या, अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्याचे प्रशिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ म्हणून उभे केले. डॉक्टर जवळ नसताना लक्षण ओळखणे आणि वेळेत पुढे पाठवणे हे काम गावातलाच माणूस शिकून करू शकतो, हे त्या कामाने दाखवून दिले. उंचीवर जाणाऱ्या प्रत्येक गटाला असाच एक आपला माणूस लागतो. त्याने रोज संध्याकाळी प्रत्येकाला तेच चार प्रश्न विचारावेत : डोके दुखते का, जेवण गेले का, काल झोप कशी लागली, बसल्या जागी धाप लागते का, आणि उत्तरे वहीत लिहून ठेवावीत, कारण आजारी पडणारा माणूस स्वतःचा आजार कबूल करीत नाही, हा या आजाराचाच एक भाग आहे. त्याचबरोबर, कोणी आजारी पडल्यास त्याच्याबरोबर खाली कोण उतरेल, गाडी कोणती जाईल, जादा खर्च कसा वाटून घ्यायचा, आणि परत फिरण्याचा निर्णय कोणाचा शब्द अखेरचा मानून होईल, हे घर सोडण्यापूर्वीच ठरवावे. पँगाँगच्या काठी मध्यरात्री, सर्वांचीच डोकी जड झालेली असताना आणि प्रत्येकाचे पैसे गुंतलेले असताना, हा वाद मिटत नाही. खंडोबाची मूर्ती एका गावातून दुसऱ्या गावात हलवताना दोन्ही गावचे मानकरी एकत्र बसून लेखी करार करतात; प्रवासाला निघणाऱ्यांनीही आपला ठराव कागदावर उतरवावा, त्याखाली सर्वांनी सह्या कराव्यात, आणि त्याची एक प्रत लडाखी चालकाच्या हाती देऊन तो त्याला वाचून दाखवावा.